बाबांसाठी डब्याला खिडकी

आरमोरीत रिनाचं टायपिंगचं दुकान सगळ्यांना ठाऊक होतं. पण आतला कॉम्प्युटर चालू आहे की बंद, हे मात्र कोणाला कळेल तर शपथ! तिचं लहानपण धानाच्या गिरणीला लागून असलेल्या घरात गेलं. दिवसभर इंजिनाची धडधड. तिला त्याचा असा वीट आला होता, की दोन हजार चार साली दुकान थाटताना तिनं चंद्रपूरहून मुद्दाम कॉम्प्युटरचा आतून फोम लावलेला डबा आणला. चालू केला तरी हूं की चूं नाही.

त्याच गिरणीचं इंजिन सांभाळता सांभाळता तिच्या बाबांचे, श्रीहरीभाऊंचे, कान गेले होते. इंजिनावर तळवा ठेवून ते त्याची तब्येत ओळखत. आता ते रोज दुकानात बसत, रिना जेवायला गेली की राखण करत. या डब्यावर तळवा ठेवला, तर काहीच कळेना.

एकदा रिना कॉम्प्युटरचा फक्त पडदा बंद करून जेवायला गेली. बाबांनी डबा चाचपला. बंद मशीनचं बटण कशाला सुरू ठेवायचं, म्हणून भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं. झालं! गावातल्या इतवारीनं टाईप करायला दिलेल्या नाटकाचे अख्खे दोन अंक गेले. सेव्ह केलं नव्हतं ही चूक रिनाची, पण बोलणी बसली म्हाताऱ्याला.

तिचा भाऊ मिथुन तडकलाच. "बाबाले आता घरीच बसव. दुकान बुडवतीन हे!"

श्रीहरीभाऊंना ओठ वाचता येत होते. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"माह्या कानासाठी शांत डबा आणला," ती मिथुनला म्हणाली, "बाबाचा विचारच नाई केला मी."

आणि काय जिद्दीची बाई! तिनं डब्याचा बाजूचा पत्रा काढला, फोम सोलला, चौकोन आखला. वेल्डिंगवाल्याकडून कोपऱ्यांना भोकं पाडून आणली आणि लोखंड कापायच्या करवतीच्या ब्लेडनं पत्रा स्वतः कापला. करकर ऐकून शेजारी दात आवळून बसले. नंबरप्लेटवाल्या पत्रूकडून पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आणून बसवला, तर डबा थरथरून वाजायला लागला. मेली ती धडधड पुन्हा कानाशी! चिडून तिनं सगळं खोललं, कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. मग गप्प झाला.

बाबांना हाताला धरून आणलं. खिडकीतून आतला पंखा गरगर फिरताना दिसत होता. तो थांबला की बटण बंद करायचं, असं तिनं खुणेनं सांगितलं.

"आता दिसते," बाबा म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची तिथंच ओढली.

पुढे इतवारीचं नाटक दुसऱ्यांदा टाईप होत असताना बाबा एकदम उठले. खटकन बटण बंद!

"अगा, पुन्हा? काऊन बंद केलं?" इतवारी ओरडला.

"थांबा, इतवारीभाऊ," रिना डब्याकडे न बघताच म्हणाली. "बाबानं बंद केलं म्हणजे काई तरी झालं असंन. नाटक सेव्ह हाय."

मग ती वाकली. सोललेल्या फोमची चिंधी सुटून पंख्याच्या पात्यात अडकली होती. पत्रा काढून आत हात घातला, तर चटका बसला. अजून थोडा वेळ गेला असता, तर मशीनच गेली असती.

सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून श्रीहरीभाऊ कावरेबावरे झाले.

"चुकलो का पोरी?"

रिनाचे डोळे भरले. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि ओठ वाचता येतील असं हळू म्हणाली, "नाई बाबा. तुमी वाचवलं."

म्हाताऱ्यानं सुस्कारा सोडला.

"मंग उद्या येऊ ना मी?"