शिट्टी वाजली नव्हती

पोहणारी पोरं तिला पाठीमागे 'घोरपड' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. जीवरक्षकांची परीक्षा घेताना बुडणाऱ्याचं सोंग ती स्वतःच घ्यायची. खोल पाण्यात जाऊन हातपाय झाडायची आणि वाचवायला आलेल्याच्या गळ्याला अशी मिठी मारायची, की तो बिचारा स्वतःच मदतीसाठी ओरडायचा. "खरा बुडणारा याहून वाईट धरतो," एवढंच ती म्हणायची.

उमेदवारांविषयी तिचं मत कधीच बरं नव्हतं. दर उन्हाळ्याच्या तोंडावर तोच तमाशा. दंड फुगवलेले, गॉगल कपाळावर चढवलेले, पाण्यापेक्षा आरशासमोर जास्त घाम गाळलेले. नाकात दोन थेंब गेले की तोंड वेडंवाकडं करणारे हे वाघ दुसऱ्याचा जीव वाचवायला निघालेले! यंदा त्यात नणंदेचा मुलगाही होता.

"वहिनी, घरचाच पोर आहे गं," नणंदेने आदल्या दिवशी फोन केला होता. "जरा सांभाळून घे."

"पाण्याला आपलं घर माहीत नाही," म्हणून तिने फोन ठेवला.

हा खडूसपणा उगाच आलेला नव्हता. गुडघे साथ देत होते तोवर तिने समुद्रावर पहारा केला होता. एकदा दोघी बहिणी लाटेत सापडल्या. धाकटीला किनाऱ्यावर टाकून ती थोरलीसाठी परत पाण्यात शिरली. थोरलीला घेऊन येईपर्यंत जमलेल्या शहाण्यांनी धाकटीला पालथं घालून तिचं पोट दाबायला घेतलं होतं. म्हणे पाणी काढतोय! श्वास द्यायचं एकालाही सुचलं नाही. थोरली वाचली, धाकटी गेली. आणि तेच शहाणे बाजूला उभे राहून "नशीब तिचं" म्हणत होते. त्या दिवसापासून अर्धवट माहितीच्या माणसाची तिला किळस वाटू लागली.

परीक्षेच्या सकाळी पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक बूट-मोजे घालून काठावर येरझाऱ्या घालत होता. उन्हाळी वर्ग तोंडावर आले होते आणि त्याला घाई होती.

"बाई, इकडून तिकडे पोहायला लावा आणि द्या प्रमाणपत्रं. इथं कोण बुडतंय?"

"तुम्हाला पोहता येतं?" तिने विचारलं.

"म्हणजे काय! लहानपणापासून," तो म्हणाला आणि वाजणाऱ्या मोबाइलकडे वळला.

प्रथमोपचाराची परीक्षा आधी झाली. रबरी पुतळ्याची मान मागे न करताच एकाने फुंकर मारली. पुतळ्याची छाती ढिम्म हलली नाही, ह्याचेच गाल फुग्यासारखे फुगले. नाकातून रक्त आलं तर काय करशील, असं विचारल्यावर दुसरा म्हणाला, "डोकं मागं करून झोपवीन." "म्हणजे रक्त घशात जाऊन गुदमरेल," ती म्हणाली. "छान. पुढचा." भाच्याने पुतळ्याची छाती मात्र सुरेख दाबली, फक्त त्याचं तोंड पुतळ्याकडे नव्हतं, मोबाइल धरून उभ्या असलेल्या मित्राकडे होतं.

"पुतळ्याचं लग्न लावतोस का रे? फोटो कसले काढतोस?" तिने विचारलं. सगळे हसले. तोही हसला, हेच तिला जास्त लागलं.

मग सगळ्यांना खोल बाजूला रांगेत उभं करून ती पुतळ्याचं तोंड पुसायला वळली. शिट्टी वाजल्यावर उडी मारायची, असं तिने बजावलं होतं. व्यवस्थापक मोबाइलवर बोलत बोलत उलट्या पावली काठावरून येत होता. ओल्या फरशीवर बूट सटकला आणि तो सपशेल पाण्यात गेला.

ओरडला नाही. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, ओरडायला श्वास लागतो. तोंड पाण्यावर यायचं, उघडायचं, परत खाली. हेही परीक्षेचं सोंगच, असं समजून रांग कौतुकाने बघत उभी. एकाने तर टाळीही वाजवली, "काय जमवलंय साहेबांनी!"

टाळी ऐकून तिने मान वळवली. पुतळा हातातून पडला. अंगावरच्या कपड्यांनिशी तिने उडी घेतली. त्याने तिच्या मानेला विळखा घातला; तिने त्याच्यासकट खाली बुडी मारली, पकड सुटताच मागून काखेत हात घालून त्याला काठाला आणलं. गुडघ्यातून कळ डोक्यापर्यंत गेली.

काठावर त्याला खोकल्याची उबळ आली. तेवढ्यात दंडवाल्यांपैकी एकजण धावत आला आणि त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबायला लागला.

"अरे जिवंत आहे मी!" व्यवस्थापक किंचाळला.

"मुडद्या, बोलणाऱ्या माणसाची छाती दाबतोस?" तिने त्याला ढकललं, व्यवस्थापकाला कुशीवर केलं आणि दवाखान्याची गाडी बोलवायला सांगितलं. मग रांगेकडे वळली. "कुणीच का उतरलं नाही?"

 भाचा म्हणाला, "मामी, शिट्टी वाजली नव्हती."

तिने सगळ्यांना नापास केलं. मग कपडे बदलण्याच्या खोलीत जाऊन ओली साडी पिळली.

दवाखान्यातून धडधाकट परतलेल्या व्यवस्थापकाने दारावर पाटी लावली: फरशी दुरुस्तीमुळे तलाव बंद. लोकांना सांगत सुटला, की मुलांची परीक्षा बघायला आपणच उडी घेतली होती. हसावं की रडावं, असं तिला झालं. नणंदेने बोलणं टाकलं.

पण भाचा आला. मित्र नाही, गॉगल नाही. "मामी, शिकव," म्हणाला. तलावाची किल्ली तिच्याकडे होतीच; त्या बंद तलावात ती त्याला रोज सकाळी बुडवत होती. पहिल्यांदा तो रडकुंडीला आला, मग चिडला, मग हळूहळू तिची मिठी सोडवायला शिकला. तलाव उघडल्यावर झालेल्या दुसऱ्या परीक्षेत त्याने तिला काठापर्यंत ओढत आणलं, कुशीवर वळवलं, आणि दम लागलेला असतानाही तिचा श्वास तपासायला विसरला नाही.

"कसं झालं, मामी?"

"केस विस्कटलेत तुझे," ती उठून बसत म्हणाली. "पास."

बाकीच्यांतले दोघे परत आलेच नाहीत. तिला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.