मास्तरांना झालेला उशीर

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा शिंपी आहे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. समोर असले की भावोजी म्हणते, कारण आईने जिभेला तसं वळण लावलंय. नाहीतर त्यांना काय म्हणावं याचे माझ्याकडे बरेच पर्याय आहेत.

मास्तर कोट शिवतात आणि चांगले शिवतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी जळते असं कुणाला वाटायला नको. मी त्यांच्याच दुकानात मागच्या खोलीत बसून काजं करते, बटणं लावते, अस्तराला हातशिलाई घालते. माझ्या शेजारी बहीण इस्त्री करते. मशीनवर माझी भाची, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. आणि पुढच्या खोलीत, रस्त्याच्या बाजूला, मोठ्या टेबलापाशी मास्तर उभे. कापड कापायचं ते फक्त त्यांनी, असा दुकानाचा कायदा. शिलाई चुकली तर उसवता येते, कापताना चुकलं की कापड गेलं, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच आहे. पण या जगात न चुकता कापणारा एकच प्राणी जन्माला आला, हे जे त्यांचं पुढचं म्हणणं आहे, ते ते तोंडाने बोलत नाहीत, वागण्यातून सांगतात. टेबलाच्या वर खिळ्याला त्यांची कात्री टांगलेली असते. भाचीने एकदा धूळ पुसायला ती खाली काढली, तर दिवसभर तोंड फुगवून बसले होते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. हेकट माणसं घरोघरी असतात. पण दोनेक वर्षांपूर्वी मास्तरांच्या छातीत दुखलं. रडारड झाली, रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "पित्त आहे काका. तळलेलं जरा कमी खा." संध्याकाळी मास्तर घरी परतले ते थेट मरणाच्या दारातून परतल्याच्या थाटात. "मरण जवळून पाहिलं," असं येईल त्याला सांगायला लागले. मरणाने त्यांना पाहिलं असेल, तर दोन मिनिटांत कंटाळून तेच निघून गेलं असेल.

तेव्हापासून मास्तरांना आयुष्य कळलं. आणि कळलं ते कळलं, गिऱ्हाइकांनाही कळवायला लागले. छातीचं माप घेताना माणसाला हात वर करून उभं राहावं लागतं, अंगाभोवती टेप असते, पळून जायची सोय नसते. नेमक्या त्या वेळी मास्तर उसासा टाकतात. "साहेब, तरुणपणी कुणी सांगितलं नाही हो. बायकोशी दोन शब्द बोलायला वेळ काढायला हवा होता."

आतून बहीण विचारते, "अहो, चहा ठेवू का?"

"मध्ये मध्ये बोलू नकोस गं, गिऱ्हाईक आहे ना!"

आणि गिऱ्हाईक मान डोलावतं! त्याचाही मला राग येतो. एकाला तरी विचारावंसं वाटू नये, की मास्तर, बायको पलीकडच्या खोलीत आहे, मध्ये साधा पडदा आहे, बोला की आता दोन शब्द? पण नाही. लोकांना पश्चात्ताप ऐकायला फार आवडतो. ऐकणाऱ्यालाही काही करावं लागत नाही.

दुसरा धडा तब्येतीचा. शरीर वेळीच सांभाळायला हवं होतं म्हणे. हे सांगणाऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. डॉक्टर ऑपरेशनला या म्हणतात आणि हे म्हणतात, नंतर बघू. खडूची रेघ पाहायला नाक कापडाला टेकवतात. कुणी काही बोललं तर म्हणतात, "हात पाहतो माझा, डोळ्यांचं काय घेऊन बसलात."

आणि सगळ्यांत लाडका धडा तिसरा. तो सांगताना एक हात टेबलावर ठेवतात, आवाज खाली येतो, डोळ्यांत पाणीसुद्धा येतं. "माणसांवर विश्वास टाकायला शिकलो नाही. सगळं मीच करत बसलो. विशीत कळायला हवं होतं." हे वाक्य सुरू झालं की आत भाचीचं मशीन थांबायचं. दर वेळी थांबायचं. ती मान खाली घालून सुई तपासल्यासारखं करायची, पण कान पुढच्या खोलीत. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. बाई गं, अजून ऐकतेस?

भाची तिशी ओलांडलेली, अबोल आणि हाताची पक्की. कापायचं ती नुसतं बघून शिकली. घरी जुन्या चादरींवर, रद्दीच्या कागदांवर. माझ्यासाठी तिने एक कोट कापला, चांगल्या जाड पडद्याच्या कापडाचा. कॉलर मानेला अशी बसली की मी आरशासमोरून हलेना. मास्तरांनी माझ्या अंगावर तो पाहिला आणि खांद्यावरची शिवण चाचपून म्हणाले, "कुणाकडून करून घेतलास? हात बरा आहे."

"मी कापलाय, बाबा," भाची म्हणाली.

मास्तरांनी हात काढून घेतला. "हं. पडदा कापायला काय लागतं."

त्याच सुमारास दोन गल्ल्या पलीकडे नाटकाचे कपडे शिवणारं एक दुकान होतं, त्यांचा कटर म्हातारा होऊन घरी बसला. तिथल्या मालकीणबाईंनी भाचीला विचारलं, आमच्याकडे कापायला येतेस का? मी तर म्हटलं, आत्ताच जा, चप्पल मी आणून देते. ती म्हणाली, "मावशी, मला नाही जायचं. हे टेबल सोडून मला कुठंच नाही जायचं. बाबांनी एकदा नुसतं 'काप' म्हणावं. एक साधी बाही कापू दिली तरी चालेल. बाई महिनाअखेरपर्यंत थांबणार आहेत."

"आणि नाही म्हणाले तर?"

"म्हणतील. रोज सगळ्यांना सांगतात ना, विश्वास टाकायला हवा होता म्हणून. कळलंय त्यांना, मावशी. वेळ लागतो माणसाला."

 मी सुईत नवा दोरा ओवला.

त्याच महिन्यात कोपऱ्यावरच्या वाचनालयाने मास्तरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. तरुण मुलांसाठी कार्यक्रम होता, वडीलधाऱ्यांनी येऊन सांगायचं की विशीत आपल्याला काय कळायला हवं होतं. मास्तरांना बोलावणं आलं. झालं, घरात दुसरा विषय नाही. आणि भाषणाला जायचं तर नवा कोट हवा, तोही मखमलीचा. आयुष्यात साधं राहावं हाही त्यांच्या धड्यांपैकी एक होता, पण सभागृहात दिवे असतात ना!

गडद निळी मखमल आली. आता मखमलीची गंमत अशी की तिला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर मऊ लागते, उलट फिरवला तर अडते. आणि उजेडात सुलट बाजू फिकी दिसते, उलट बाजू काळपट. म्हणून कोटाचे सगळे भाग एकाच दिशेने मांडून कापावे लागतात. साध्या कापडात असलं काही नसतं. तिथे कापड वाचवायला एखादा भाग डोक्याकडून पायाकडे फिरवला तरी चालतं, आणि मास्तरांनी जन्मभर तेच केलेलं. मखमल थोडी कमी पडत होती. मास्तरांनी सवयीने डावा पुढचा भाग उलटा फिरवला आणि खडू मारला.

भाची अस्तर द्यायला पुढे गेली होती. तिने कापडावरून हात फिरवला आणि थांबली. "बाबा, डावा भाग उलटा लागलाय. लव वर जातेय. कापू नका, मी अजून थोडं कापड घेऊन येते."

"तू मला शिकवणार?"

"तुम्ही हात फिरवून बघा नुसता."

"तुझ्या जन्माआधीपासून कापतोय मी," असं म्हणून मास्तरांनी खिळ्यावरची कात्री काढली आणि कापलं. हात फिरवून पाहायला किती वेळ लागला असता? पण नाही.

मी भाचीला म्हटलं, शिवू नकोस. ती म्हणाली, "शिवते. अंगावर घातल्यावर त्यांना दिसेल. मग म्हणतील." काय म्हणतील ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कोट तयार झाला. मास्तरांनी तो घालून आरशात पाहिलं, मान वाकडी करून पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "इथे उजेड एका बाजूने येतो."

सभागृहात उजेड समोरून येत होता. मास्तर माइकपाशी उभे राहिले आणि उजवी बाजू फिकी, डावी काळी, मधोमध बटणांची रांग. पुढच्या रांगेतला एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "दोन कोट जोडलेत का रे?" बहिणीने मान खाली घातली ती घातलीच. भाची मात्र ताठ बसली होती. महिनाअखेरीला एकच दिवस उरला होता.

मास्तर मात्र रंगात आले. बायकोला वेळ, तब्येतीची काळजी, साधेपणा, सगळे धडे झाले. मग पदराला गाठ मारून घ्यावं अशा सुरात म्हणाले, "आणि मुलांनो, आपल्यापेक्षा लहान माणसाचंसुद्धा ऐकावं. मी नाही ऐकलं. माणसांवर विश्वास टाकला नाही. आज वाटतं, हे विशीत कळलं असतं तर!" टाळ्या पडल्या. मला हसू आवरेना, बहिणीने चिमटा काढला. कुणीतरी डोळे पुसलेसुद्धा. तसल्या कोटाकडे पाहत पुसले!

मग कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं झालं. भाची उभी राहिली. आयुष्यात चार माणसांत न बोललेली पोर. "बाबा, तुम्ही आत्ता म्हणालात ना, विश्वास टाकायला हवा होता. उद्या वकीलसाहेबांचा कोट कापायचाय. मी कापू?"

सगळे मास्तरांकडे पाहायला लागले. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं की हा माणूस आता हो म्हणणार. त्यांचा हात कोटाच्या डाव्या बाजूवर गेला, बोटं मखमलीवरून थोडी खाली सरकली आणि अडली. कळलं त्यांना. त्या क्षणी त्यांना लवही कळली आणि लेकही कळली, हे मी पैजेवर सांगते.

आणि मास्तर हसले. "बघा! ही आजची पिढी. सगळं आज हवं, आत्ता हवं. बाळ, धीर धरायला शीक. घ्या, हा अजून एक धडा!"

सभागृह खो खो हसलं. आधीच्यापेक्षा जास्त टाळ्या. भाची खाली बसली. कार्यक्रम संपेपर्यंत थांबली, त्यांना मिळालेला फुलांचा गुच्छ हातात धरून घरापर्यंत आणला, पाण्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाईंकडे कामाला लागली. मास्तर दिवसभर म्हणत होते, येईल परत, रुसली आहे.

ती परत आली नाही. आता तिच्या हाताखाली दोन जणी आहेत. राजांचे अंगरखे कापते, चोरांच्या बंड्या कापते, मखमल तर रोजचीच. आमच्याकडे मशीनवर एक नवा माणूस आलाय, घोरतो तसं मशीन चालवतो.

परवा एक गिऱ्हाईक आलं. हात वर, छातीभोवती टेप. मास्तरांनी उसासा टाकला. मला वाटलं बायकोचा धडा असेल. पण आता नवा धडा आलाय, आणि तो फार चालतो. "लेकीच्या हातात वेळेवर कात्री द्यायला हवी होती हो, साहेब. नाही दिली. सोनं होतं घरात. गेली पोर." डोळे भरून आले. खरे भरून आले, तेच मला सहन होत नाही.

गिऱ्हाईक हळहळलं. "कुठे परदेशी गेली का?"

मी हातातलं काज अर्धं टाकून पडदा बाजूला केला. "दोन गल्ल्या पलीकडे गेलीय. दुपारी जेवायला रोज इथेच येते. येईलच आत्ता."

गिऱ्हाईक गोंधळून मास्तरांकडे बघायला लागलं. मास्तर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच त्यांच्या ताटात माती कालवली. मी म्हटलं, "भावोजी, ती आली की कात्री द्या तिच्या हातात. लांब जायला नको, भाषण करायला नको."

"आता ती वेळ गेली," मास्तर म्हणाले.

पूर्वी मला वाटायचं, या माणसाला सगळं उशिरा कळतं. काही नाही. त्यांना सगळं वेळेवर कळतं. पण वेळेवर कळलं की काहीतरी द्यावं लागतं, काहीतरी सोडावं लागतं, म्हणून ते उशीर होईपर्यंत दम धरून बसतात. एकदा उशीर झाला की मग नुसतं रडलं तरी भागतं, वर लोक चहा पाजतात.

तेवढ्यात भाची आलीच. केसांत कसलेतरी सोनेरी धागे अडकलेले. आत जाऊन हात धुतले, आईच्या शेजारी बसून जेवली. पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं तिला, मास्तरांनाही ते माहीत होतं. पण मशीन थांबावं तशी ती आता थांबत नाही. जेवली, ताट घासून ठेवलं आणि पुढच्या खोलीतून बाहेर पडली. टेबलाजवळून जाताना म्हणाली, "येते, बाबा."

"सावकाश जा गं," मास्तर म्हणाले. ती रस्त्याच्या वळणापर्यंत दिसत होती. ती वळली तशी मास्तरांनी गिऱ्हाइकाच्याच कापडाच्या टोकाने डोळे टिपले, आणि टेप पुन्हा ताणत त्याला म्हणाले, "बघा, अशी जातात पोरं. हात वर करा."