बुधवारची बादली

आमच्या किचनमध्ये एक मोठा डबा आहे. त्यात नुसती झाकणं असतात. ज्यांची भांडी फुटली, हरवली किंवा कुणाच्या तरी घरी जाऊन राहिली, अशी झाकणं. टाकवत नाहीत, कारण कधीतरी एखादं कशाला तरी बसतं. किस्स्यांचं तसंच झालंय. तीन वर्षांत डबा भरला. त्यातले वाइनच्या यादीचे तेवढे आज बाहेर काढते.

मी लोअर परळच्या एका रेस्टॉरंटमध्ये मसाले आणि वाटणं सांभाळते. जुन्या गिरणीच्या आवारातच आहे ते. मालक, म्हणजे आमचे साहेब, त्याला 'अपस्केल कॅज्युअल' म्हणतात. पहिल्याच दिवशी मी सावंतांना त्याचा अर्थ विचारला. सावंत आमच्यातले वयाने सगळ्यात मोठे वेटर, आधी पंचवीस वर्षं कॉटन ग्रीनच्या एका परमिट रूममध्ये होते.

"शालनताई, म्हणजे चपला घालून आलं तरी चालतं," ते म्हणाले. "फक्त चपला महागाच्या हव्यात."

वाइनची यादी केली केतकीने. केतकी परब आमच्याच बिल्डिंगमधली, लालबागची. बँकेतली नोकरी सोडून वाइनचा कोर्स करून आली. घरी मात्र "हॉटेलचा कोर्स" आणि "मेनूचं काम" एवढंच सांगितलं होतं. कारण तिचे वडील, परबभाऊ. गिरणी बंद पडल्यावर भाऊंच्या वडिलांनी उरलेलं आयुष्य गुत्त्यात काढलं. तेव्हापासून त्या घरात दारू हा शब्दसुद्धा चालत नाही. सॅनिटायझरच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून भाऊंनी ती परत केली होती आणि दोन वर्षं साबणावर काढली.

भाऊ मला जिन्यात गाठायचे. "केतकी नक्की काय करते हो तिथे?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हणून मी म्हणायचे, "यादी करते, भाऊ."

"कसली यादी?"

"लांबलचक."

*

साहेबांचा नियम असा, की यादीतली प्रत्येक बाटली आधी स्टाफने चाखायची आणि दहापैकी गुण द्यायचे. "आपल्याला कळली नाही, तर गिऱ्हाइकाला काय कळणार?" केतकीने मंगळवारची दुपार ठरवली. सहा बाटल्या उघडल्या, ग्लास मांडले. कुणी हात लावेना.

"मंगळवार आहे," शेफ म्हणाले.

मग गुरुवार ठरवला. गुरुवारी निम्मा स्टाफ दत्ताचा निघाला. सोमवार शंकराचा. शनिवारी शेफ स्वतःच मारुतीला जातात. शुक्रवारी सावंत नाही म्हणाले. त्यांचा उपास नसतो, बायकोचा असतो.

"मग तुम्हाला काय हरकत आहे, काका?" केतकीने विचारलं.

"उपास तिचा असला तरी नाक उघडंच असतं ना तिचं."

रविवारी तर उभं राहायला वेळ नसतो. केतकीने कॅलेंडर काढलं, एकेका वारावर फुली मारत गेली आणि शेवटी बुधवार उरला. कोर्समध्ये तिला द्राक्षं कुठल्या डोंगराची, कुठल्या मातीची ते आधी बघायला शिकवलं होतं. आमच्याकडे आधी वार बघावा लागला.

*

पहिल्या बुधवारी तिने टेबलाखाली स्टीलची बादली ठेवली. वाइन तोंडात घोळवायची, चव लक्षात ठेवायची आणि बादलीत थुंकायची. जाणकार लोक तसंच करतात म्हणे.

सावंतांनी वाकून बादलीत बघितलं. "पंचवीस वर्षं मी गिऱ्हाइकाला सांगत आलो, थुंकू नका. भिंतीवर पाटी होती आमच्या."

"काका, इथे थुंकायचंच असतं."

"तुम्ही थुंका, मॅडम. मी गिळतो."

सहाव्या ग्लासापर्यंत सावंत बोलायला लागले. आणि छान बोलायला लागले. चौथ्या नंबरच्या लाल वाइनबद्दल म्हणाले, "ही आधी गप्प बसते. जेवण अर्धं झालं की बोलते." एका पांढरीबद्दल म्हणाले, "ही पाहुण्यांसमोर शहाणी." केतकीने सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं आणि यादीत छापलं. खाली डोंगराचं नावही बारीक अक्षरात टाकलं, ज्याला हवं त्याच्यासाठी.

सावंतांना त्या दिवशी साहेबांनी टॅक्सीने घरी पाठवलं. दुसऱ्या बुधवारपासून तेही थुंकायला लागले. बादली धुवायचं काम माझ्याकडे आलं.

*

मी पीत नाही. पण गुण सगळ्यांनी द्यायचे होते, म्हणून मी नुसता वास घ्यायचे. एकदा एका महागड्या बाटलीला मी दहापैकी एक दिला.

"काकू, का?" केतकीने विचारलं.

"ओल्या गोणपाटाचा वास येतोय."

तिने स्वतः हुंगलं. कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो टाय लावून आला, ग्लास नाकाशी धरला, पुन्हा धरला. बूच खराब निघालं होतं. बाटली बदलून देतो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही कोर्स कुठे केलात?"

"लालबागला."

"तिथे कुठली इन्स्टिट्यूट आहे?"

"मिरच्यांची," मी म्हटलं. पावसाळ्यात गोणीतली मिरची भिजली की सगळ्यात आधी हाच वास येतो. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

*

एका गुरुवारी एक गृहस्थ आले. त्यांनी सावंतांना विचारलं, "यातली चांगली कुठली?"

"जेवायला काय घेणार, साहेब?"

"आज गुरुवार ना. पनीरच."

सावंतांनी यादी मिटली. "मग आज नको. बुधवारी या."

गृहस्थ पनीर खाऊन गेले. साहेबांनी सावंतांना आत बोलावून पंधरा मिनिटं सुनावलं. बुधवारी ते गृहस्थ आठ माणसं घेऊन आले आणि दारातूनच विचारलं, "ते वार बघणारे कुठे आहेत?"

*

मग साहेबांना कळलं, की शहरातल्या रेस्टॉरंटच्या वाइन याद्या तपासायला परीक्षक फिरताहेत. न सांगता येतात, एकटेच बसतात. साहेबांनी सगळ्यांना ताकीद दिली. एकटा माणूस, हातात वही, दिसला की मला सांगा.

त्या बुधवारी केतकी माझगावला गोडाऊनमध्ये गेली होती. दुपारी अडीचला सावंत किचनमध्ये आले. "आले. चष्मा, वही, खिशाला दोन पेनं. म्हणतात, आधी मेनू बघायचाय, जेवणाचं नंतर. साहेबांनी वाइनची यादी दिली. पहिल्या पानापासून वाचताहेत."

मी दाराच्या गोल काचेतून बघितलं. परबभाऊ होते.

भाऊ आमच्या विभागातल्या मंडळांचे गणपतीचे देखावे तपासतात, गुण देतात. एकदा सख्ख्या मेहुण्याच्या मंडळाच्या वेळी परीक्षणातून उठून गेले होते, म्हणून मेहुणा दोन वर्षं घरी आला नाही. यादीही ते देखाव्यासारखीच वाचत होते. मांडी न हलवता, बोट ठेवून.

मी दार जरा ढकलून कान दिला. साहेब बाजूला उभे. "सर, सुरुवात कशाने करू या?"

"मी घेत नाही," भाऊ म्हणाले.

साहेबांनी सावंतांकडे असं बघितलं, की बघा, परीक्षक असा असतो.

भाऊंनी एका ओळीवर बोट टेकवलं. "'ही आधी गप्प बसते. जेवण अर्धं झालं की बोलते.' कुणी लिहिलं?"

"बोललो मी," सावंत म्हणाले. "लिहिलं केतकी मॅडमनी. सगळी यादी त्यांचीच."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी सोलकढीचा ग्लास घेऊन बाहेर गेले. दुसरं काही सुचलं नाही.

"शालनताई," भाऊ म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं."

"हो, भाऊ."

"लांबलचक."

"हो."

त्यांनी सोलकढीला हात लावला नाही. आवाज अगदी खाली आला. "पिते?"

"नाही, भाऊ. थुंकते. बादली आहे."

"दाखवा."

मी बादली आणली. सकाळीच चिंच लावून घासलेली होती. भाऊंनी ती दोन्ही हातांनी उचलली, उजेडाकडे धरली, आत बघितलं, तळ बघितला. साहेब हात बांधून उभे होते. जाणकारांची पद्धत असेल, असं त्यांना वाटलं असावं.

मग भाऊंनी बादली खाली ठेवली, सोलकढी पूर्ण संपवली, वहीचं एक पान फाडून त्यावर लिहिलं, घडी घालून साहेबांच्या हातात दिलं आणि निघून गेले. यादी मात्र सोबत नेली.

साहेबांनी कागद उघडून मोठ्याने वाचला.

"विषय : शून्य. मांडणी : दहा. स्वच्छता : दहा. परीक्षक नात्यातले असल्याने गुण धरू नयेत."