बस्त्याची गादी

"ऊठ वं तिथून. गादी मयते."

अर्चना म्हणाली. माझ्या धाकट्या बहिणीच्या बस्त्याच्या दिवशी, तिच्या होणाऱ्या सासूसमोर. मी ठेवणीतली साडी नेसून गादीच्या कडेला जरा टेकले होते. गादी मळते म्हणे. माझ्यानं.

आमच्याकडे लग्नाची कपडेखरेदी म्हणजे बस्ता. दोन्हीकडची माणसं दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसतात आणि दिवसभर साड्या उलगडून पाहतात. नांदुऱ्यात आता काचेची दुकानं झाली, एसी लागले, पण बस्ता गादीवरच. सगळ्यात मोठं दुकान अर्चनाच्या सासऱ्यांचं. त्याच दुकानाच्या पायरीवर माझं मशीन होतं. नऊ वर्षं तिथं फॉल-पिको केलं. त्या गादीची पांढरी खोळही मीच शिवलेली.

अर्चना शाळेत माझ्याच बाकावर बसायची. गणितं माझ्या वहीतून उतरवायची. मग तिचं लग्न या घरात झालं आणि मला तिला चारचौघांत वहिनी म्हणावं लागलं. खोटं कशाला बोलू, मी जळायचे तिच्यावर. तिच्या पाटल्यांवर नाही, तिच्या बसण्यावर. ती आत गारव्यात लोडाला टेकून बसायची, मी बाहेर उन्हात पायडल मारायचे. सुईत दोरा ओवताना नजर तिच्याकडेच जायची. हिच्यात असं काय जास्त आहे? रोज हाच प्रश्न. घरी भाकरी थापतानाही तोच.

तरी बहिणीचा बस्ता मीच तिथं नेला. माझ्या ओळखीचं दुकान आहे, मान मिळेल, असं विहीणबाईंना छाती फुगवून सांगितलं होतं. एक दिवस तरी मला तिच्या बरोबरीनं बसायचं होतं.

आणि ती म्हणाली, ऊठ.

विहीणबाई माझ्या पायांकडे बघायला लागल्या. बहिणीची मान खाली गेली. आता सासरी तिला काय ऐकावं लागेल, ते मला त्या मानेवरच दिसलं. आई तर लगेच उठायला लागली. तिला ऊठ म्हटलं की उठायची सवयच आहे. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

मग बोलले. "हे खोळ म्या शिवली अर्चना. आज मी गिऱ्हाईक हाय. उठत नाही."

पहिल्यांदाच तिला सगळ्यांसमोर नावानं हाक मारली. ती लालेलाल झाली. नोकर साडी हातात धरून तसाच उभा. मग विहीणबाई माझ्याकडे सरकल्या, मांडीला मांडी लावून बसल्या आणि त्याला म्हणाल्या, "दाखव बाप्पा, थांबला काऊन?"

दुपारपर्यंत मी साड्या उलगडायला लावल्या. प्रत्येकीचा पदर चोळून पाहिला. एकही घेतली नाही. मग सगळ्यांना घेऊन उठले आणि बस्ता मागच्या गल्लीतल्या छोट्या दुकानात बांधला. संध्याकाळी मशीन पायरीवरून उचललं.

आता त्याच रस्त्यावर, तिच्या बरोब्बर समोर, टिनाच्या टपरीत बसते. हेवा गेला नाही. जायची गरजही नाही. उन्हात बसून तो नऊ वर्षं गिळला, आता गिळणार नाही. तिच्यासमोर माझं दुकान होईल, आत गादी असेल, आणि त्या गादीवर पहिली मी बसेन.