चेहरा दाखवा, फोटो मिळवा

…तर काल आपण आलो होतो ते इथवर, की हनुवटीमावशीच्या स्टुडिओतल्या पडद्यावर तिचाच लहानपणचा फोटो उगवला. झालरीच्या फ्रॉकातली, वडिलांच्या कॅमेऱ्याआडून डोकावणारी पोर! मशीननं मावशीचा साठीतला चेहरा काय पाहिला आणि हजारो फोटोंच्या ढिगातून नेमकी तीच उचलून आणली. मावशी हात जोडायचीच बाकी होती. भाच्याला म्हणाली, "अरे, माझी मला ओळख पटेना, त्याला कशी पटली रे?"

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. मावशी म्हणजे बाजाराच्या वळणावरची फोटोवाली. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की दोन बोटांनी त्याचं तोंड सरळ करणार आणि म्हणणार, "हनुवटी खाली, राजा." मग तो राजा बँकेचा साहेब असो की बोळक्या तोंडाचा आजोबा. त्यावरून नाव पडलं ते पडलंच.

मध्यंतरी तिच्या जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली आणि कितीतरी फोटो गेले. लेकीच्या लग्नाचे फोटो मागायला आलेला एक बाप डोळे पुसत परत गेला. ते मावशीच्या जिव्हारी लागलं. म्हणून सॉफ्टवेअरमधल्या भाच्यानं उरलेले सगळे फोटो एका कंपनीच्या ऑनलाइन साठ्यात चढवून दिले. तेही फुकट, आणि वर ही चेहरे ओळखायची करामत. मावशीनं दारात पाटी लावली, "चेहरा दाखवा, फोटो मिळवा."

एके दुपारी बॉयकटवाली, चष्मा लावलेली एक बाई पासपोर्टच्या फोटोसाठी आली. फोटो झाला आणि मावशीला काही राहवेना. "थांब हं, गंमत दाखवते," म्हणत तिनं बटण दाबलं. पडद्यावर दागिन्यांनी लगडलेली, खाली मान घातलेली एक नवरी आली. परगावच्या त्या लग्नाचे फोटो मावशीनंच काढले होते. तीच हनुवटी तिनं याच बोटांनी धरली होती, आणि आज तिला ओळख लागली नव्हती. मशीनला मात्र लागली.

"बघितलंस? काय अफाट आहे हे!"

बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मावशी, हे कुणालाही दिसतं?"

"चेहरा दाखवेल त्याला."

"आणि माझा फोटो दुसऱ्याच कुणी दाखवला तर? त्या घरातून जीव मुठीत धरून पळालेय मी. नाव बदललं, केस कापले. तो अजून शोधतोय."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं आधी दारातली पाटी उतरवली आणि मग भाच्याला बोलावलं.

"ही ओळख बंद कर."

"करतो. पण फोटो कंपनीकडे उघडेच राहणार."

"मग?"

"कुलूप लावून ठेवता येतात. कंपनीलाही आत डोकावता येणार नाही. पण किल्ली, म्हणजे पासवर्ड, फक्त तुझ्याकडे. विसरलीस तर कंपनी हात वर करील. पुन्हा एखादा बाप रडत जाईल, मावशे. तू तर चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतेस!"

मावशी पडद्यावरचे फोटो एकेक करून सरकवत गेली. इतकी माणसं! बाळसं धरलेली, मिसरूड फुटलेली, पिकलेली. सगळ्यांनी विश्वासानं आपली हनुवटी तिच्या बोटांवर टेकवलेली.

"लाव कुलूप," ती म्हणाली. "विसरणार नाही."

"पण पासवर्ड 'हनुवटी खाली' ठेवू नकोस हं, अख्ख्या बाजाराला पाठ आहे!"

आता मावशी रोज सकाळी शटर उघडायच्या आधी तो मनातल्या मनात घोकते. ओठसुद्धा हलू देत नाही.

पुढच्याच आठवड्यात एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. त्यानं मोबाईल पुढे केला. त्यावर तीच खाली मान घातलेली नवरी.

"हिचा अलीकडचा एखादा फोटो निघतोय का, बघा. बायको आहे माझी. तुमच्याकडे चेहरा दाखवला की सगळं निघतं म्हणे?"

मावशीनं स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाली, "ज्याचा फोटो हवा, त्यानं स्वतः यावं आणि इथं बसावं. दुसऱ्याचा चेहरा घेऊन आलेल्याला इथं काही मिळत नाही, राजा."