सोनं लाल झालं

चौथीनंतर पाटी सुटली, त्यामुळं र्‍हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं आहे. तेवढं सांभाळून वाचा. मागच्या महिन्यात माझा थोरला भाऊ, अण्णा, गेला. दवाखान्यात शेवटचं एवढंच विचारलं, "शालन, खिडकी उघडलीस न्हवं?" मी मान हलवली. दुपारी छातीची धडधड थांबली...

अण्णा गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, सोनारकाम करायचा. सोन्यात तांबं जास्त झालं की लाली येते, म्हणून 'लाल' ही त्या धंद्यात शिवीच. पाटलीवर लाली दिसते म्हणून एका गिऱ्हाइकानं भर बाजारात त्याला खाली पाडून उजवा हात दगडानं ठेचला. तांबं अण्णानं घातलं नव्हतं. दोन बोटं कायमची वाकली, आणि तोच हात घरात उठायला लागला. वहिनी आधीच गेलेली. मार मला आणि त्याच्या मुलीला, मनीषाला, वाटून यायचा.

मनीषा विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होती; बापाला ती आप्पा म्हणायची. एका दुपारी हसत आली, हातात बाटली, आत कुंकवाच्या पाण्यासारखं काहीतरी. "आप्पा, सोनं लाल झालं."

अण्णानं बाटली भिंतीवर फोडली आणि केस धरून तिचं तोंड ऐरणीवर आपटलं. चुन्याच्या भिंतीवर लाल ओघळ, फरशीवर लाल. रक्त कुठलं नि सोनं कुठलं कळेना. शेजारी दार ढकलून आत आले. फुटक्या ओठानं ती म्हणाली, "तांबं न्हाय आप्पा. सोनंच हाय." त्याच पावली हॉस्टेलला गेली. भिंतीवरचा डाग वाळून जांभळा पडला, मुक्या मारासारखा.

कित्येक महिन्यांनी आली ती दोन बाटल्या घेऊन. उंबऱ्याबाहेरच थांबली. सांगत मला होती, ऐकवत त्याला. केसाच्या जाडीचे हजारो भाग करावेत इतके सोन्याचे कण बारीक केले, की ते उजेडातला हिरवा रंग गिळतात आणि लाल तेवढा पुढं सोडतात. सोनं तेच, फक्त उजेडाशी त्याचं वागणं बदलतं.

अण्णानं एक बाटली हिसकावली, चुलीवर आटवली. तळाशी राहिलेली काळपट खरड सवागी, म्हणजे टाकणखार, घालून मुशीत वितळवली. वाकड्या बोटांत चिमटा ठरेना. मूस तळव्यावर कलंडली, कातडी जळाल्याचा वास आला, तरी सोडली नाही. आत खसखशीएवढा मणी उरला. कसोटीच्या दगडावर घासला... पिवळीधमक रेघ.

बराच वेळ तो त्या रेघेकडं बघत बसला. मग उजवा हात ऐरणीवर ठेवला, हातोडी आत आलेल्या मनीषाकडं सरकवली.

"घाल."

तिनं हातोडी उचलली. मी डोळे मिटले. आवाज आला तो अंगणातून. हातोडी तिनं बाहेर भिरकावली होती. दुसरी बाटली त्याच्या हातात ठेवत म्हणाली, "फोडायचीच तर ही फोडा."

फोडली नाही. खिडकीत ठेवली. शिव्या तशाच राहिल्या, पण हात पुन्हा उठला नाही. रोज सकाळी खिडकी उघडून बघायचा आणि पुटपुटायचा, "लाल हाय की."

आता खिडकी मी उघडते. ऊन बाटलीतून येतं, त्या जांभळ्या डागाशेजारी लाल कवडसा पडतो, आणि सरकत सरकत ऐरणीवर येतो. तोवर मी तिथंच बसते.