कॉलरमागचे लाल टाके

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या बेकरीचा पिवळा दिवा तेवढा दिसत होता, बेकरी नव्हती. असल्या हवेत कपडे वाळत नाहीत, नुसते लोंबकळतात. लॉन्ड्रीवालीनं दोरीवरचा एकेक शर्ट गालाला लावून पाहिला, ओलसर लागले ते बाजूला टाकले आणि इस्त्री तापत ठेवली.

"बारकी, गोळी?"

"घेतली. तू विचारायच्या आधी घेतली. शपथपत्र लिहून देऊ?" आतून लेकीचा आवाज आला.

आई गालात हसली. या तिखट उत्तरासाठी तिनं दीड वर्ष कान टवकारले होते.

दुकानात कपडे ओळखायची रीत बारकीनंच पाडलेली, बाराव्या वर्षी. कॉलरमागं किंवा कमरपट्टीच्या आत लाल दोऱ्याचे टाके. शाळेच्या बाईंना दोन फुल्या. बेकरीवाल्याला तीन आडव्या रेघा, कारण तो स्वतःच आडवा. सत्तर गिऱ्हाइकं, सत्तर खुणा, सगळ्या हिच्या डोक्यात. पण गेल्या दीड वर्षात तिनं सुई धरली नव्हती. आई कागदाच्या चिठ्ठ्या टाचून निभावत होती. लेक पुन्हा कधी टाका घालेल का, हे ती कोणाला विचारत नव्हती, पण रोज सकाळी सुयांच्या डब्याकडे नजर जायचीच.

सुरुवात झाली तेव्हा बारकी एकोणीस वर्षांची होती. एक दिवस शर्ट कानाशी धरून म्हणाली, "आई, हे टाके माझे नाहीत. कुजबुजतात. कोणीतरी बदलतंय. माझ्यावर नजर ठेवायला." आई आधी हसली, मग ओरडली. पोरगी जेवेना, कॉलेजला जाईना. शेवटी आईनं लॉन्ड्रीवालीलाच सुचेल असा उपाय केला. दुपारी लेकीचा डोळा लागल्यावर बारीक कात्री घेऊन तिनं दुकानातल्या सगळ्या कपड्यांचे टाके उसवून टाकले. खूणच नाही, तर भीती कशाची?

बारकी उठली, एक कॉलर उलटून पाहिली आणि पांढरीफटक पडली. "पुरावा नाहीसा केलास! म्हणजे तूही त्यांच्यातलीच." तिनं आतून कडी लावून घेतली.

आणि कपड्यांचा जो काला झाला, तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाई बेकरीवाल्याची पँट दोन्ही हातांनी ताणून धरत दुकानात आल्या. "अहो, यात मी आणि माझा अख्खा चौथीचा वर्ग मावेल!"

लॉन्ड्रीवाली हसायला गेली आणि हुंदकाच फुटला. बाई गाठोड्यावर बसल्या, सगळं ऐकून घेतलं. "माझ्या भाच्याचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "आपोआप जाईल म्हणून आम्ही दोन वर्षं घालवली. तुम्ही नका घालवू. दवाखान्याची एक वेगळी टीम आहे, मनाचं दुखणं नुकतंच सुरू झालेल्यांसाठी. घरी येतात."

चौथ्या दिवशी नर्स आली. बंद दाराशी स्टूल ओढून बसली.

"तुम्हालाही त्यांनीच पाठवलं ना?" आतून बारकी.

"मला शाळेच्या बाईंनी पाठवलं. तुला नको असेल तर मी बाहेर थांबते. उद्या परत येईन."

ती उद्या आली, परवाही आली. तिसऱ्या दिवशी कडी निघाली. जाताना लॉन्ड्रीवालीनं नर्सचा हात धरला. "ताई, मी टाके काढले, त्यानंच बिघडलं ना?"

"तुमच्यामुळे आजार आला नाही. फक्त इथून पुढं तिच्या वस्तूला तिला विचारून हात लावा."

मग डॉक्टर, थोड्या मात्रेची गोळी, दर आठवड्याला बोलणं, आईलाही बसवून. गोळीनं हात थरथरतो असं बारकीनं सांगितल्यावर डॉक्टर 'सहन कर' म्हणाले नाहीत, गोळी बदलली. कॉलेजचे निम्मे विषय पुन्हा सुरू झाले. वाद घालायचा नाही, उगाच हो-ला हो करायचं नाही, भीती वाटतेय का तेवढं विचारायचं, एवढं आई शिकली. आभार मानायची वेळ आली की ती आधी नर्सचं नाव घेते, मग बाईंचं, आणि मग बेकरीवाल्याच्या पँटचं.

बारकी चहाचा कप घेऊन बाहेर आली. धुक्यानं चिठ्ठ्या भिजल्या होत्या, शाई फुटून सगळी नावं सारखीच निळी झाली होती.

"हे आता वाचणार कोण? दोरा कुठंय, आई?"

जपून घाल, नको घालूस, जमेल का, सगळं आईनं गिळलं. "डब्यात. तुझ्याच."

बारकीनं दोन खेपा चुकून सुई ओवली. बाईंचा कोट मांडीवर घेतला. "आवाज येतो अजून कधीतरी," ती खाली बघतच म्हणाली. "पण टाका माझाच आहे, हे कळतं." एक फुली झाली, जराशी वाकडी. मग दुसरी.

"बघत काय बसलीस? इस्त्री तापून लाल झाली असेल."

आईनं पदराऐवजी हाताशी आलेल्या गिऱ्हाइकाच्याच रुमालानं डोळे पुसले, तो पुन्हा धुवायच्या ढिगात टाकला, आणि शर्टावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवायला घेतली.